वाचेच्या काठाशी

हेमकांत डबा घेऊन शहाद्याच्या बसस्थानकात शिरला, तेव्हा भोंग्यातून त्याच्या बायकोचा, दीपमालाचा आवाज येत होता. नंदुरबार, विसरवाडी, चिंचपाडामार्गे नवापूरला जाणारी गाडी. रोजचीच घोषणा, रोजचाच आवाज, गर्दीच्या डोक्यावरून सरळ जाणारा. 'फलाट क्रमांक चारवर लागत' इथपर्यंत तो नीट आला आणि तिथे अडकला. 'लागत... लागत... ला... ला...' मग नुसता श्वास. भोंगा चालूच होता, त्यामुळे तो श्वास सगळ्या फलाटांवर ऐकू येत होता. कॉलेजची पोरं हसली. त्यांच्यातल्या एकाने त्या 'ला ला'ला चाल लावली. हेमकांतच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याला वाटलं, ही आपली नक्कल करते आहे. सकाळी घरातून निघताना काहीतरी कुरबुर झाली होती, आणि आता ती सगळ्या शहाद्यासमोर, भोंग्यावरून, आपण कसं अडखळत बोलतो ते करून दाखवते आहे. असं तिने आयुष्यात कधी केलेलं नव्हतं. तरीही त्याला तेच वाटलं, इतक्या सहज वाटलं की जणू तो वर्षानुवर्षं त्याची वाट बघत होता. तो पाण्याच्या टाकीशी थांबला. पुढे गेला नाही. डब्याची कडी हातात घट्ट धरून तो रागाने उभा राहिला, आणि चौकशीच्या खोलीतून करमसिंग धावत बाहेर आला, तिच्यासोबत काम करणारा वाहतूक नियंत्रक, आणि ओरडला, "अहो पाटील, मझार या लवकर! ताईसले काय व्हई ऱ्हायनं देखा!" तेव्हाच त्याचे पाय हलले आणि तो आत गेला.

ती खुर्चीत बसलेली होती. माइक अजून हातात. तोंडाचा उजवा कोपरा बारीक उडत होता आणि डोळे पूर्ण शुद्धीत होते, ते त्याला काहीतरी विचारत होते. थोड्या वेळात उडणं थांबलं. ती पाणी प्यायली, तिने पदराने तोंड पुसलं आणि ती म्हणाली, "काय व्हयनं व्हतं माले? शब्द व्हता तोंडमा, पन निघेच ना." हे असं असतं, हे तिला सांगायला जगात त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. शब्द तोंडात असतो, पूर्ण तयार असतो, त्याची चवसुद्धा कळते, आणि जीभ टाळूला लागून बसते. पण त्याने फक्त मान हलवली. टाकीपाशी उभं राहून आपण काय समजलो, हे त्याने तिला तेव्हा सांगितलं नाही.

बोलणं त्याचं लहानपणापासूनच अडकत होतं. कळसाडीच्या शाळेत हजेरीला 'हजर' म्हणता यायचं नाही, म्हणून तो हात वर करायचा, आणि नवीन गुरुजी आले की मान खाली घालून नावं वाचताना त्याची गैरहजेरी मांडून टाकायचे. तो वर्गात बसलेला असायचा आणि गैरहजर असायचा. मोठेपणी त्याने साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर नोकरी धरली. उसाची गाडी काट्यावर चढायची, आकडा दिसायचा, पावती निघायची, तो ती खिडकीतून बाहेर सरकवायचा. ड्रायव्हर त्याला मुका काटेवाला म्हणत. त्याला ते फारसं टोचत नसे, कारण मुक्या माणसाकडून कुणी वाक्याची वाट बघत नाही. वाट बघणारे चेहरे त्याला सोसत नसत. ओठ अडकले की समोरचा माणूस नजर खाली घालतो, किंवा उलट फार प्रेमाने बघतो, किंवा त्याचे स्वतःचेच ओठ हलायला लागतात, जणू ढकलून मदत करतो आहे. लग्नासाठी मुलगी बघायला गेला तेव्हा तिच्या मामाने नाव विचारलं. तो 'हे... हे...' करत राहिला, आणि पोह्यांचा ट्रे घेऊन उभी असलेली मुलगी मागून म्हणाली, "हेमकांत ना?" सगळे हसले. तोही हसला. तिथेच लग्न ठरलं, आणि तिथून पुढे त्याची वाक्यं तीच पुरी करत आली.

ती हे दयेने करत नव्हती. तिला घाई असायची. आधी कंडक्टर म्हणून चालत्या गाडीत तिकिटं फाडत, नंतर नियंत्रक म्हणून गाड्या सोडत तिला घाईची सवय झालेली होती. नवऱ्याचं वाक्य रखडलं की ती पुढचा शब्द टाकायची आणि गाडी निघायची. बहुतेक वेळा शब्द बरोबर असायचा. कधी नसायचा. हॉटेलात त्याला भजी हवी असायची, ती भरीत सांगून मोकळी व्हायची, आणि तो भरीत खायचा. मुलाच्या बारशाला आत्याने विचारलं, बाप काय नाव ठेवतो? त्याच्या मनात भूषण होतं. कित्येक महिने त्याने ते मनात घोळवलेलं होतं, एकटा असताना काट्याच्या केबिनमध्ये मोठ्याने म्हणून पाहिलं होतं, तिथे ते न अडखळता यायचं. बायकांच्या त्या गराड्यात तो 'भ... भ...' करत असताना दीपमाला बाजेवरून म्हणाली, "भाग्येश?" आणि बायकांनी कुर्रर्र केलं. नाव चांगलं होतं. मुलगा त्या नावाने मोठा झाला, अंकलेश्वरला कंपनीत लागला. पण त्याला हाक मारताना हेमकांतला दर वेळी एक बारीकसा खड्डा लागायचा, आणि हे त्याने कुणालाही सांगितलेलं नव्हतं, तिला तर नाहीच. तिचं त्याच्यावर प्रेम होतं. त्याचंही होतं. आणि त्या प्रेमाच्या तळाशी कुठेतरी तो तिच्या जिभेवर रागावलेला होता, आणि हे रागावणं इतकं जुनं होतं की त्याचा त्याला वासही येईनासा झाला होता.

नंदुरबारला स्कॅन झाला, तिथून त्यांना नाशिकला पाठवलं. मोठं हॉस्पिटल, थंड खोली, टेबलावर दोन पडदे. डॉक्टर तरुण होते आणि सावकाश बोलत होते. पडद्यावर दीपमालाचं डोकं आडवं कापल्यासारखं दिसत होतं, राखाडी, आणि डाव्या बाजूला पुढे एक ढगाळ डाग. "ही गाठ," डॉक्टर म्हणाले. "सावकाश वाढणारी दिसतेय. पण वाढतेय. आणि जागा अवघड आहे. हिच्या लगेच मागे बोलण्याचं केंद्र आहे." मग त्यांनी दुसरं चित्र काढलं. त्यात रंगीत धाग्यांचे झुबके होते, हिरवे, निळे, एकमेकांत वळलेले. आदल्या दिवशी यंत्रात निजवून तिला मनातल्या मनात शब्द म्हणायला लावले होते, तेव्हा मेंदूत जिथे जिथे हालचाल झाली ते ठिपके, आणि हे धागे म्हणजे त्या ठिपक्यांमधल्या वाटा. शब्द या वाटेने येतो, असं डॉक्टरांनी बोट फिरवून दाखवलं. एक वाट गाठीला अगदी खेटून वळत होती. हेमकांत तिच्याकडे टक लावून बघत राहिला. त्याला वाटलं, माझ्याही डोक्याचं असं चित्र काढलं तर कुठेतरी एक वाट अशीच एखाद्या वळणावर बुजलेली दिसेल काय?

"मग काढायची कशी?" दीपमालाने विचारलं.

"तुम्हाला जागं ठेवून. कवटी उघडताना झोप देऊ, मग उठवू. घाबरू नका, मेंदूला स्वतःला दुखत नाही. मी एकेका जागेला बारीकसा करंट लावणार, आणि त्याच वेळी तुम्ही चित्रं बघून त्यांची नावं सांगायची. ज्या जागेला लावल्यावर बोलणं अडेल, तिथे खूण करायची. तिथे हात लावायचा नाही. असा नकाशा तयार करून मगच गाठ काढायची." डॉक्टर थोडं थांबले. "एक गोष्ट आधी ठरवायला लागेल. गाठ जितकी जास्त निघेल तितकं पुढचं आयुष्य जास्त. पण कडेला मी किती जवळ जायचं? फार जवळ गेलो तर बोलणं जाऊ शकतं. काहींचं परत येतं, काहींचं येत नाही."

बोलणं जाऊ शकतं. हे शब्द हेमकांतच्या कानात पडले, आणि त्यांच्या पाठोपाठ, भीतीच्या आधी, दुःखाच्या आधी, त्याच्या आत काहीतरी सैल झालं. फार वेळ उभं राहिल्यावर कुणी खुर्ची पुढे सरकवावी, तसं. आता हिलाही कळेल. एवढंच. हा धड विचारसुद्धा नव्हता, विचाराला शब्द असतात, याला ते नंतर मिळाले. पण तो होता, आणि त्यात सुख होतं, हे नाकारण्याची सोय नव्हती. मग भीती आली, खरी भीती, आणि त्या भीतीमागे लपून त्याने तिच्याकडे पाहिलं. ती सरळ बसली होती. कडक इस्त्रीची साडी, कपाळावर नेहमीची टिकली. "साहेब, मी स्टँडवर घोषणा करते," ती म्हणत होती. "थोडी गाठ राहिली तरी चालेल. माझं बोलणं ठेवा."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि त्याच्याकडे वळले. "तुमचं काय मत?"

हेमकांतने तोंड उघडलं. "ब... ब..." त्याला म्हणायचं होतं, बोलणं ठेवा. निदान असं त्याला वाटत होतं. 'ब'वर ओठ मिटले ते मिटले. डॉक्टरांनी नजर कागदावर वळवली. "बरोबर आहे म्हणतात," दीपमाला म्हणाली, आणि डॉक्टर म्हणाले, "छान. मग दोघांचंही एकच आहे." बाहेर आल्यावर जिना उतरताना तो तिच्या दोन पायऱ्या मागे राहिला. कारण त्या 'ब'पुढे खरं काय आलं असतं, याची त्याला स्वतःला खात्री नव्हती.

चित्रांची तयारी स्वप्नाली मॅडमने करून घेतली. त्या वाचातज्ज्ञ होत्या, ऑपरेशनच्या वेळी दीपमालाशी बोलत राहणार होत्या. त्यांनी आधी भाषा विचारली. "मराठी," दीपमाला म्हणाली. "आणि घरी?" "अहिराणी." "भांडता कुठल्या भाषेत?" दीपमाला हसली. "अहिराणीत. मराठीत भांडले तर घोषणा दिल्यासारखं वाटतं." मॅडमही हसल्या, मग म्हणाल्या, दोन्ही भाषा तपासायला लागतील, कारण कधीकधी एक शब्द एका जागी असतो आणि त्याचाच दुसऱ्या भाषेतला भाऊ जरा पलीकडे. एक राखायच्या नादात दुसरी जायला नको. त्या नाशिकच्या, त्यांना अहिराणी येत नव्हती. "तुम्ही मला मदत करा," त्या हेमकांतला म्हणाल्या. "मी चित्र दाखवते, तुमच्याकडे त्याला काय म्हणतात ते सांगा, मी मोबाइलवर रेकॉर्ड करते. म्हणजे तिथे मला ताडून बघता येईल." त्यांनी केळ्याचं चित्र समोर धरलं. केय. दोन अक्षरं. हेमकांतच्या घशात 'क' बसला. मोबाइलवरची लाल खूण लुकलुकत राहिली. मॅडमने नजर खाली घातली नाही, ओठ हलवले नाहीत, त्या नुसत्या थांबल्या, आणि ते त्याला सगळ्यात जास्त लागलं, कारण त्या थांबण्यात ओळख होती. "तुम्ही कधी कुणाला दाखवलंत का?" त्यांनी हळूच विचारलं. "मोठेपणीही फरक पडतो." त्याने ऐकू न आल्यासारखं करून खिशातला फोन काढला आणि उगाच बघू लागला. "लहानपणापासूनचं आहे त्यांचं," दीपमाला म्हणाली. "आम्हाला सवय आहे." शेवटी शब्द दीपमालाच्या आईने सांगितले. दगूबाई मोबाइलजवळ तोंड नेऊन एकेक शब्द विहिरीत दगड टाकावा तसा टाकत होती. केय. इहीर. डोया. हेमकांत दाराशी उभा राहून ऐकत होता. यातला प्रत्येक शब्द त्याचाही होता.

ऑपरेशनच्या तारखेपर्यंत राहायला ते शहाद्याला परत आले. जी चित्रं ती दर वेळी बिनचूक सांगेल तीच आत वापरायची, नाहीतर करंटमुळे अडली की आधीपासूनच अडत होती हे कळणार नाही, म्हणून रोज सराव करायचा होता. दुपारी कारखान्यातून येऊन तो खाटेवर तिच्यासमोर बसायचा आणि एकेक कार्ड उचलायचा. पहिले दिवस ती गाड्या सोडल्यासारखी फटाफट सांगायची. मग कुठेकुठे थांबायला लागली. गोळ्यांनी म्हणा, गाठीने म्हणा. एका दुपारी विहिरीचं कार्ड होतं. तिने बघितलं, तोंड उघडलं, आणि चेहऱ्यावर ती चाचपणी आली, जी त्याला आरशातून माहीत होती. "ते... पानीनं... ते..." आणि हेमकांत म्हणाला, "इहीर." स्वच्छ म्हणाला, एका दमात. शब्द आपणहून जिभेवर आला आणि सुटला. तिने त्याच्याकडे पाहिलं. पुढच्या कार्डाला ती पुन्हा अडली, आणि त्याने पुन्हा सांगितलं, या वेळी तिला पुरता वेळही दिला नाही. त्यानंतरच्या कार्डाला ती अडली नव्हती. ती फक्त श्वास घेत होती. तरीही त्याने सांगून टाकलं. अंगातून एक गरम, गोड लाट गेली. आयुष्यात पहिल्यांदा तो दुसऱ्याच्या वाक्याच्या पुढे होता. मग त्याला तिचा चेहरा दिसला. नजर खाटेच्या काठावर, खालचा ओठ दातात, आणि मान जराशी झुकलेली, 'हो, तेच' असं कबूल करणारी. भरीत खाणाऱ्या माणसाची मान. "ऱ्हाऊ द्या आजना दिन," ती म्हणाली. "डोकं दुखस." त्याने कार्डं गोळा केली, ती एकसारखी करत बसला, काठाला काठ जुळवत, तिच्याकडे न बघता. स्वयंपाकघरात जाऊन त्याने चहा ठेवला. दूध उतू जाईपर्यंत तो त्या पातेल्यासमोर उभा होता, आणि आपण ज्यांना आयुष्यभर मनातल्या मनात शिव्या दिल्या त्या सगळ्या लोकांसारखे आपण आहोत, त्यांच्याहून जरा वाईट आहोत, कारण त्यांना ते काय करतात हे ठाऊक नव्हतं, असं त्याला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो थांबायला लागला. ती अडली की कार्ड धरून बसायचा, कितीही वेळ लागो. पण आता त्याच्या थांबण्यावरही तिचा विश्वास उरला नव्हता. ती घाबरून त्याच्या ओठांकडे बघायची.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी वॉर्डात तिचे डाव्या बाजूचे केस काढले. न्हावी गेल्यावर तिने उरलेले केस एका बाजूला घेऊन डोक्याला रुमाल बांधला आणि विचारलं, कशी दिसते? दगूबाई बाहेर बाकावर बसली होती, भाग्येश औषधं आणायला खाली गेला होता. खोलीत दोघंच होते. उन्हाचा एक पट्टा पलंगाच्या पायाशी पडला होता. उद्या हिचं डोकं उघडतील, हेमकांतला वाटलं, हिच्या शब्दांच्या वाटांवर एक परका माणूस बोट ठेवून बघेल, आणि आपण हे आत ठेवून बाहेर बसायचं? देवाला सांगून झालं होतं. देव वाक्य मधेच पुरं करतो, तिथे अडखळायला लागत नाही, म्हणून ते सांगणं खरं वाटत नव्हतं.

"डॉ... डॉक्टरनी म्हने ना," तो म्हणाला, "तुन्हं बोलनं... जाई... तवय माले..."

"भ्याव वाटनं," ती म्हणाली. मऊपणाने म्हणाली, आणि त्याच्या हातावर हात ठेवला.

मान हलवली असती तर झालं असतं. सगळं आयुष्य त्याने अशा वेळी मान हलवली होती. तो म्हणाला, "नही." मग ओठ मिटले, आणि तो पुन्हा त्याच अक्षरावर येऊन थांबला, त्याच दारावर, घाम फुटला, मानेची शीर तट्ट झाली. "ब... ब... बरं वाटनं."

तिने हात काढला नाही. "काय बरं वाटनं?"

"तुले बी... समजी. माले क... कसं वाटस ते."

बाहेर कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली. ती त्याच्याकडे बघत होती, जणू पाटीवरचं गावाचं नाव वाचता येत नाहीये. मग तिने हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "आनी आते?" ती म्हणाली. "आते बी बरं वाटस?"

"नही."

"जरासं बी नही?"

इथे खोटं बोलायला हवं होतं. कुठलाही भला माणूस बोलला असता. पण त्या दुपारची ती गोड लाट त्याच्या अंगाला आठवत होती, आणि एकदा एवढं बोलल्यावर पुन्हा मान हलवणं त्याला जमेना. तो उन्हाच्या पट्ट्याकडे बघत राहिला. दीपमाला पलंगावर आडवी झाली आणि भिंतीकडे वळली. "मायले मझार धाडा," ती म्हणाली. "तुम्ही जा." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. सकाळी ट्रॉलीवर नेताना तिने आईच्या हातावर हात फिरवला, भाग्येशला म्हणाली, बापाला खायला घाल, आणि छताकडे बघत दारातून आत गेली.

बाहेर बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या. भाग्येश येरझारा घालत होता. "जवाई, दोन घास खाई ल्या," दगूबाई डबा पुढे करून म्हणाली, आणि तिचा तो भरवशाचा आवाज त्याला सहन झाला नाही. या बाईची मुलगी आत उघड्या डोक्याने केय, इहीर म्हणत असेल. ती आत बोलते आहे, प्रत्येक शब्दावर तिचा जीव टांगलेला आहे, आणि तिने माझ्यासाठी एकही शब्द ठेवलेला नाही. दुपार कलल्यावर डॉक्टर बाहेर आले, टोपी हातात. बरंच काढलं, म्हणाले. ती शेवटपर्यंत छान बोलत होती. मागच्या कडेला एका ठिकाणी लावलं तेव्हा तिला चित्र दिसत होतं पण नाव येईना, मराठीतलंही नाही, अहिराणीतलंही नाही, म्हणून तिथे आम्ही थांबलो. तेवढा तुकडा ठेवलाय. त्यावर पुढे किरणांचा शेक देऊ, लक्ष ठेवू. "आता एकदोन दिवसांत सूज येईल, बोलणं जाईल," ते म्हणाले. "घाबरू नका, बहुतेक वेळा परत येतं." भाग्येशने डॉक्टरांचे हात धरले. हेमकांतने 'बहुतेक' तेवढं ऐकलं.

आणि बोलणं गेलं. डोक्याला पट्टी, डोळ्याखाली सुजेचा निळा डाग, आणि तोंडातून नुसता हवेचा आवाज. तो सांगितलेल्या वेळी आयसीयूत जाऊन बसायचा. ती त्याच्याकडे बघायची किंवा बघायची नाही. त्याला कुणी पापी म्हणत नव्हतं, उलट नर्स म्हणायच्या, किती शांतपणे बसतात हे काका. फोन येत होते, कळसाडीहून, स्टँडवरून, करमसिंगचा रोज सकाळी. एरवी असे फोन ती घ्यायची. आता भाग्येश जवळ नसला की त्याला घ्यायला लागायचे, आणि तो घ्यायचा, 'ह... ह...' करत, पलीकडच्या माणसाला ताटकळत ठेवून, मधेच कुणी फोन कट झाला समजून ठेवून द्यायचं, मग पुन्हा लावायचं. ही शिक्षा त्याला पुरेशी वाटत नव्हती. करमसिंग म्हणाला, "पाटील, सावकास बोला, मी ऐकी ऱ्हायनू," आणि हेमकांत भिंतीला टेकून सावकाश बोलला, आणि फोन ठेवल्यावर त्याला वाटलं, हे मला आधी का सुचलं नाही की लोक ऐकतात?

तिला वॉर्डात आणलं. अजून ती त्याच्यासमोर गप्पच होती. एका सकाळपासून दुपारपर्यंत तो तिच्या पलंगाशी बसला, लापशी भरवली, तोंड पुसलं. तिने तोंड उघडलं, गिळलं, मिटलं. तो उठून बाहेर आला तर पॅसेजमध्ये स्वप्नाली मॅडम समोरून येत होत्या, हसऱ्या. "मस्त चाललंय हं ताईंचं! कालपासून बोलतायत की. चित्रं बरीचशी सांगितली. सकाळी तुम्ही यायच्या आधी आईला म्हणाल्या, पाणी दे. मुलाशी दोन शब्द बोलल्या. तुमच्याशी काय बोलल्या?"

हेमकांत तिथेच उभा राहिला. बोलते. कालपासून बोलते. म्हणजे आजची सकाळ, तो चमचा, ते गिळणं, ते मिटलेले ओठ, हे सुजेचं नव्हतं. हे तिचं होतं. तिने ठरवून, शब्द जिभेवर असताना, तो त्याला दिला नव्हता. त्याच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं आणि त्याला हसूही येऊ लागलं. त्याची बायको शाबूत होती. सगळी वाट, वळणासकट, शाबूत होती, आणि त्या वाटेवर ती त्याच्यासाठी पाठ फिरवून उभी होती, आणि हे त्याच्या वाट्याला बरोबर आलेलं होतं. त्याने मॅडमना हाताने थांबा अशी खूण केली आणि परत आत गेला.

दीपमाला भिंतीकडे तोंड करून पडली होती. तो स्टुलावर बसला. "तू... बो... बोलस," तो म्हणाला. "मन्हासंगेच... बोलस नही." तिने हालचाल केली नाही. तो बसून राहिला. काही मागायचं नव्हतं, माफी मागायलाही तोंड नव्हतं. बऱ्याच वेळाने तिने भिंतीकडेच बघत, एकेक शब्द उचलून ठेवत, म्हटलं, "माले... आजून... राग शे."

"ह... हां," तो म्हणाला.

तो बाहेर आला तेव्हा मॅडम दारापाशीच होत्या, पेन हातात. "काही बोलल्या?"

त्याने मान हलवली.

"काय म्हणाल्या, नेमकं सांगा हं. किती शब्द जोडतायत ते बघायचंय मला."

हे सांगायचं म्हणजे बाकीचंही उघडं पडणार होतं. दगूबाई बाकावरून बघत होती. भाग्येश कान देऊन उभा होता. काहीही सांगता आलं असतं, पाणी मागितलं, चहा प्या म्हणाली. हेमकांतने भिंतीला हात टेकला. "मा... माले," तो म्हणाला, आणि कुणीही मधे बोललं नाही, "आजून... र... र... राग शे."

मॅडमने लिहिता लिहिता वर पाहिलं. "कुणावर?"

पॅसेज लांब होता आणि सगळे थांबले होते. त्याचा चेहरा तापला, मानेची शीर तट्ट झाली, ओठ मिटले ते उघडेनात. तो थांबला. मग ते उघडले.

"माझ्यावर," तो म्हणाला.